गाडीला ऑइल कूलर बसवायचाय? आधी तेलाचं तापमान मोबाइलवर बघा

गेल्या मे महिन्यात पेणच्या एका मित्राने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. काळा, बारीक पात्यांचा, छोट्या रेडिएटरसारखा ठोकळा, दोन जाडजूड नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दोन गोल चकत्या. खाली एकच ओळ : "मागवू का?"

तो ठोकळा म्हणजे इंजिन ऑइल कूलर. पल्सर २२० जवळून पाहिली असेल तर इंजिनाच्या पुढे असाच एक छोटा ठोकळा दिसतो, तोच हा प्रकार. बाइकला तो कंपनीतूनच येतो. मित्राला तो त्याच्या टर्बो पेट्रोल हॅचबॅकला बाहेरून लावायचा होता, आणि ऑइल फिल्टरही मूळ जागेवरून हलवून हात पोचेल अशा ठिकाणी आणायचा होता. त्याचं रोजचं जाणं-येणं पेण ते रोहा. वडखळ, नागोठणे करत चाळीसेक किलोमीटर. रस्त्याची अवस्था माहीत असणाऱ्यांना अधिक सांगायला नको. उन्हाळ्यात गाडी "जड" वाटते, म्हणून तेल तापत असणार, असा त्याचा अंदाज होता.

अंदाजावर इंजिनाच्या तेलाची नळी कापायची नसते. ही कूलरची किट ऑनलाइन सहज मिळतात, बसवण्याचे व्हिडिओही ढिगाने आहेत, पण त्यातली नेमकी नाजूक गोष्ट बहुतेक व्हिडिओत पाच सेकंदांत उरकलेली असते. म्हणून हा लेख.

तेल किती तापलं म्हणजे जास्त?

इंजिन ऑइलचं एक काम सगळ्यांना माहीत असतं, घर्षण कमी करणं. दुसरं काम उष्णता वाहून नेण्याचं. पिस्टनची खालची बाजू, क्रँकची बेअरिंग, टर्बोचा दांडा, अशा जागी रेडिएटरचं पाणी नीट पोचत नाही किंवा पोचतच नाही. तिथली उष्णता तेल उचलतं आणि खाली चेंबरमध्ये आणून सोडतं.

डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला ३० हा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या दाटपणावरून येतो. त्या तापमानाला ३० ग्रेडच्या तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावा लागतो. हेच तेल १३० अंशांवर गेलं की आकडा सहाच्या आसपास येतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा थर तेवढा पातळ होतो. शिवाय दर १० अंश वाढीला तेल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. त्यामुळे ९० ते ११० अंश हे तेलाचं सुखाचं तापमान समजा. थोडा वेळ १२० झालं तर घाबरायचं कारण नाही. १३० च्या आसपास बराच वेळ राहत असेल, तर काहीतरी करायला हवं.

आता दुसरी बाजू, जी किट विकणारा सांगत नाही. तेल फार गार राहिलं तरी वाईटच. इंजिन चालताना थोडी वाफ आणि थोडं पेट्रोल तेलात उतरतं, आणि ते उडून जायला तेल १०० अंशांच्या जवळपास काही वेळ राहावं लागतं. पावसाळ्यात रोहा गावातून धाटाव एमआयडीसीपर्यंत जायचं, गाडी लावायची, संध्याकाळी परत यायचं, एवढाच प्रवास असेल तर तेल पुरतं तापतच नाही. तेलाचं झाकण उघडून आतल्या बाजूला बघा. फिकट तपकिरी मलईसारखा थर दिसला, तर ते पाणी आहे. अशा गाडीला थर्मोस्टॅट नसलेला कूलर बसवणं म्हणजे सर्दी झालेल्याला पंख्याखाली झोपवणं.

आधी मोजा

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचा असतो, तेलाचा नव्हे. कूलंट थर्मोस्टॅट आणि पंख्याच्या जोरावर ९० च्या आसपास राहतो, त्यामुळे काटा मध्यावर शांत बसलेला असतो आणि खाली तेल १२५ वर असू शकतं.

साधारण २०१३ पासूनच्या गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली ओबीडी-२ चं सोळा पिनांचं सॉकेट मिळतं. त्यात ईएलएम३२७ प्रकारचा डोंगल लावला की मोबाइलच्या अ‍ॅपवर इंजिनाचे आकडे दिसायला लागतात. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथ डोंगल चालतो. आयफोन असेल तर वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवाला घ्या, नाहीतर पेअरच होणार नाही आणि दुपार फुकट जाईल. (माझी गेली आहे.)

अ‍ॅपमध्ये 'इंजिन ऑइल टेंपरेचर' शोधा. आतून ते एकाच बाइटचं उत्तर असतं. आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे, की अंश सेल्सिअस मिळतात. १४० आलं तर १०० अंश. अडचण अशी की ही नोंद देणं सगळ्या गाड्यांना बंधनकारक नाही, आणि काही गाड्या सेन्सर नसताना हिशोबाने काढलेला आकडा दाखवतात. तुमच्या गाडीत ही नोंदच नसेल, तर के-टाइप तापमान प्रोब असलेला मल्टिमीटर घ्या. प्रोबची तार डिपस्टिकच्या लांबीशी जुळवून खूण करा, गाडी चालवून आल्यावर इंजिन पूर्ण बंद करा आणि डिपस्टिक काढून त्या जागी तार सोडा, खुणेपर्यंतच. इंजिन चालू असताना हा प्रयोग करू नका, आत क्रँक फिरत असतो.

मित्राच्या गाडीत सुदैवाने नोंद होती. आठवडाभर लॉग घेतला. भर दुपारी, एसी चालू, वडखळला वाहनांच्या रांगेत अडकून, तरीही पेण-रोहा प्रवासात तेल ११० च्या वर गेलं नाही. गाडी जड वाटण्याचं कारण वेगळं निघालं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत दोन पावसाळ्यांचा चिखल वाळून बसला होता. पाण्याच्या साध्या धारेने तो धुतला आणि अर्धी तक्रार संपली. (रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतणाऱ्यांसाठी जाता जाता : त्यातले क्षार आत थर धरतात. डब्यावर सांगितलेला कूलंटच घाला.)

इथे विषय संपला असता. पण महिन्यातून दोनदा तो चार माणसं आणि सामान घेऊन खोपोलीमार्गे बोरघाट चढतो, आणि तिथला लॉग वेगळा होता. चढ संपता संपता १२८, आणि वर सपाटीला लागल्यावरही आकडा पटकन उतरेना. म्हणजे कूलरला कारण होतं, फक्त ते त्याला वाटलेल्या रस्त्यावर नव्हतं.

तुमच्या इंजिनावर फिल्टरच्या बुडाशी पाण्याच्या दोन नळ्या आलेल्या दिसल्या, तर कंपनीने पाण्यावर चालणारा ऑइल कूलर आधीच दिलाय असं समजा. अनेक डिझेल आणि टर्बो गाड्यांत तो असतो. तो सकाळी तेल लवकर गरम करतो आणि नंतर गार ठेवतो. त्याच्या जोडीला आणखी एक कूलर क्वचितच लागतो.

चकती, अडॅप्टर आणि आटे

किटमध्ये दोन प्रकार येतात आणि दुकानदारही त्यांची गल्लत करतात. पहिला, सँडविच प्लेट. इंजिन आणि फिल्टर यांच्या मध्ये ही चकती बसते, फिल्टर मूळ जागीच राहतो, चकतीतून तेल कूलरकडे जातं आणि परत येतं. दुसरा, रिमोट फिल्टर अडॅप्टर. यात फिल्टरच्या जागी एक झाकण येतं, तिथून नळीने तेल बाहेर काढतात आणि फिल्टर वेगळ्या डोक्यावर, बॉनेटखाली मोकळ्या जागी बसवतात. फिल्टरखाली चकतीपुरतीही उंची नसेल किंवा फिल्टर सायलेन्सरच्या पाइपला चिकटून असेल, तेव्हा दुसरा प्रकार कामाचा. नाहीतर पहिलाच बरा, कारण जोड जितके कमी तितकी गळतीची ठिकाणं कमी. माझं हे मत मित्राला पटायला दोन चहा लागले.

दोन्हीत थर्मोस्टॅटवालाच घ्या. तेल साधारण ८० अंशांच्या पुढे गेल्यावर तो कूलरचा मार्ग पूर्ण उघडतो. त्याआधी बहुतेक तेल आतल्या आत परत फिरतं, थोडंसं कूलरमधून जात राहतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, म्हणजे मार्ग उघडताना थंडगार, दाट तेलाचा धक्का बसत नाही.

आता आटे. फिल्टर ज्या नळकांडीवर फिरवून बसतो तिचे दोन प्रकार सर्रास सापडतात. एक २० मिलिमीटर व्यासाचा, दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा. दुसरा पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, इंचाला १६ आटे, म्हणजे १.५८७५ मिलिमीटर अंतर. फरक बघा, व्यासात एक मिलिमीटरही नाही. त्यामुळे चुकीचा जोडही सुरुवातीला एक-दोन फेऱ्या बसतो, "बसला की!" असं वाटतं, आणि मग एकतर अडकून आटे मारतो किंवा ढिला राहून दाबाखाली निसटतो. आट्यांचा गेज लेथवाल्याकडे असतोच. व्हर्निअरने व्यास, गेजने आटे, दोन्ही बघा आणि मगच ऑर्डर द्या. 'सर्व गाड्यांना चालेल' असं लिहिलेल्या किटमध्ये दोन-तीन नळकांड्या येतात. त्यातली कुठली आपली, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

रिमोट प्रकारात आणखी एक सापळा आहे. स्क्रू-ऑन फिल्टरमध्ये तेल कडेच्या छोट्या भोकांतून आत शिरतं आणि मधल्या मोठ्या भोकातून इंजिनाकडे जातं. बऱ्याच फिल्टरमध्ये कडेच्या भोकांवर रबराची झडप असते, तेल उलटं वाहू नये म्हणून. नळ्या उलट्या लावल्या तर तेल त्या झडपेवर मागून दाबतं, झडप बंद होते आणि इंजिनाला तेलच मिळत नाही. अडॅप्टरवर 'इन' आणि 'आउट' लिहिलेलं असतं, पण ते कोणाच्या नजरेतून, इंजिनाच्या की फिल्टरच्या, हे लिहिलेलं नसतं! फुंकर मारून किंवा तार घालून मार्ग तपासा आणि नळ्यांना दोन रंगांच्या टेप लावा.

नळी : सगळी गाडी हिच्यावर

रेडिएटरची नळी फुटली तर वाफ दिसते, गाडी तापते, थांबायला काही मिनिटं मिळतात. तेलाच्या नळीत तशी सवड नाही. टायरमध्ये आपण ३३ पीएसआय हवा भरतो, म्हणजे सुमारे सव्वादोन बार. चालत्या इंजिनात तेलाचा दाब चार-पाच बार असतो आणि गार सकाळी त्याहून जास्त. हायवेच्या वेगाला तेलाचा पंप मिनिटाला वीस लिटरच्या पुढे तेल ढकलू शकतो, चेंबरमध्ये तेल असतं चारेक लिटर. भागाकार करा. पूर्ण फुटलेली नळी बारा-पंधरा सेकंदांत चेंबर रिकामं करते. तेलाचा लाल दिवाही बहुतेक गाड्यांत दाब अर्ध्या बारच्या खाली गेल्यावरच लागतो, म्हणजे तो इशारा कमी आणि मृत्यूचा दाखला जास्त.

ओळखीतल्या एका गाडीचं असंच झालं. कूलर छान होता, नळ्याही नव्या होत्या, पण एक नळी खालच्या लोखंडी आडव्या पट्टीला टेकत होती. इंजिन हलतं, नळी घासते. तीन महिन्यांनी नागोठण्याच्या पुढे सुकेळी खिंडीत दिवा लागला. चालवणाऱ्याला वाटलं, कोलाडपर्यंत नेऊ, तिथे बघू. कोलाड आलंच नाही. बेअरिंग चिकटलं, क्रँक गेला, आणि वाचवायला गेलेलं इंजिन पूर्ण उघडावं लागलं. त्या कामानंतर जुना कूलर धुऊन परत लावायचा विचार होता, तोही सोडायला लावला. धातूचा चुरा त्या बारीक मार्गांत अडकतो, कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही आणि नव्या बेअरिंगमध्ये जाऊन बसतो.

तर नळी. किटमधल्या नळ्या बऱ्याचदा लांबीला चुकतात, मग माणूस स्थानिक पर्याय शोधतो. औद्योगिक वसाहत जवळ असली की जेसीबी आणि क्रेनच्या हायड्रॉलिक नळ्या प्रेस करून देणारे भेटतात. आम्हीही त्यासाठी धाटावच्या बाजूला गेलो. काम सुबक होतं. दाबाची चिंताच नव्हती, ती नळी आपल्या गरजेच्या कितीतरी पट दाब सहज झेलते. पण नळीवर छापलेलं वाचलं तेव्हा थांबलो. साध्या एका तारजाळीच्या, एसएई १००आर१ प्रकारच्या नळीची तापमानाची मर्यादा १०० अंश असते. आपलं तेल घाटात १२८! अशी नळी फुटत नाही, आतलं रबर कडक होत जातं, तडे जातात आणि वर्षा-दोन वर्षांनी ती घाम फुटल्यासारखी झिरपायला लागते. आम्ही १५० अंशांची मर्यादा छापलेली नळी मागवून घेतली आणि टोकं मात्र तिथेच प्रेस करून घेतली.

टोकांची भानगडही समजून घ्या. कूलरच्या किटमध्ये 'एएन-१०' असं लिहिलेलं असतं. हा आकडा इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात, म्हणजे १० भागिले १६, पाच अष्टमांश इंच. या टोकाच्या शंकूचा कोन ३७ अंश असतो. हायड्रॉलिकमध्ये जेआयसी म्हणतात त्याचाही ३७, तो जुळतो. पण आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या बीएसपी टोकाचा शंकू ३० अंशांचा आणि आटेही वेगळे. टेफ्लॉनची टेप गुंडाळून तो बसवून देणारा कोणी भेटला तर नमस्कार करून निघा. शंकूच्या जोडाला टेप लागतच नाही, तिथे धातू धातूवर बसून बंद होतं. आणि पट्टीवर स्क्रू फिरवून आवळायचा होज क्लॅम्प पाण्याच्या नळीसाठी ठीक, तेलाच्या दाबासाठी अजिबात नाही.

जागा आणि बसवण्याचा दिवस

कूलरला वाहती हवा लागते, पण तो रेडिएटरच्या तोंडावरच चिकटवला तर त्याची गरम हवा एसीच्या कंडेन्सरला आणि रेडिएटरला मिळते. थोडी फट ठेवा, किंवा बाजूला, बंपरच्या जाळीमागे जागा शोधा. बंपरच्या खालच्या कडेपेक्षा खाली मात्र नकोच. २०११ पासून रुंदीकरण चाललेल्या मुंबई-गोवा महामार्गाने किती चेंबर फोडले असतील देव जाणे. पुढे बारीक जाळी, मागे रबराचे बुश, नळ्यांची तोंडं वर किंवा आडवी, म्हणजे हवा अडकत नाही. आपल्याकडे खाडीची खारी हवा आहे, त्यामुळे अ‍ॅल्युमिनियमच्या कूलरला पितळी जोड लावू नका. दोन धातूंमध्ये ओलावा गेला की अ‍ॅल्युमिनियम खात जातं.

एक अपेक्षा आधीच कमी करून ठेवा. गणपतीच्या आधी पेणहून मूर्तींचे टेंपो निघतात आणि सगळा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकतो. अशा वेळी कूलरला हवाच मिळत नाही. स्वतःचा पंखा नसेल तर तो फारसं काही करणार नाही.

आम्ही रविवारी सकाळी मित्राच्या अंगणात काम घेतलं. तेल काढलं, फिल्टर काढला, आणि सगळ्यात आधी जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून पाहिलं. राहिली असेल आणि तिच्यावर नवी बसली, तर पहिल्याच स्टार्टला तेलाचा फवारा. नव्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावलं. चकतीचा मधला बोल्ट किटमध्ये लिहिलेल्या जोरानेच, टॉर्क पान्याने आवळला. अंदाजे नाही, कारण समोरचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा आहे. नळ्या कापताना आत रबराचे कण आणि तारेचे तुकडे पडतात, त्या हवेने आणि तेलाने धुतल्या. सायलेन्सरपासून वीतभर लांब, इंजिन हलेल एवढी ढील ठेवून, आत रबर असलेल्या क्लिपांनी बांधल्या.

मग तेल. १६ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या एका मीटर नळीत सुमारे २०० मिलिलिटर तेल मावतं. दोन नळ्या आणि कूलर धरला तर मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा बरंच जास्त लागतं. कूलर आणि नळ्या शक्य तितक्या आधी भरून घेतल्या. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, स्टार्टर फिरवला. तेलाचा दिवा विझल्यावरच फ्यूज परत लावून इंजिन सुरू केलं. एकाने आत बसून दिवा बघायचा, दुसऱ्याने खाली पुठ्ठा टाकून जोड. दोन मिनिटांत बंद, डिपस्टिक, तेलाची भर. मग तेल तापून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवून पुन्हा तेच. कूलर हाताला गरम लागला, तेव्हा मार्ग उघडल्याची खात्री झाली.

काढलेलं तेल गटारात नको, पेणला ते भोगावतीत जातं, रोह्याला कुंडलिकेत. वापरलेलं तेल २०१६ च्या नियमांनुसार धोकादायक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून जुनं तेल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.

पेणच्या आरटीओचं काय, असं मित्राने विचारलं. त्याची नंबरप्लेट एमएच-०६, म्हणजे घरचंच ऑफिस. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडकपणे सांगितलं. ऑइल कूलरची नोंद आरसीवर नसते. पण वॉरंटी चालू असेल तर इंजिनाच्या दाव्यावर वाद होऊ शकतो, तेव्हा ती संपेपर्यंत थांबा. विमा कंपनीला ईमेलने कळवून ठेवा आणि ते ईमेल जपून ठेवा.

बसवल्यानंतर बोरघाटात तोच भार, तसाच दिवस, लॉग ११२ वर थांबला. पेण-रोह्याच्या आकड्यात काहीच फरक नाही, थर्मोस्टॅटमुळे पडायलाही नको होता. आता दर पंधरवड्याला तो गाडीखाली वाकून नळ्यांवरून कोरडा पांढरा कपडा फिरवतो. कपड्यावर डाग आला तर त्या दिवशी रोह्याला ट्रेनने जायचं, असं ठरलंय.